सहा हजार नियमांचा राउटर: एका छोट्या आयएसपीतलं पॅकेट क्लासिफिकेशनचं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातली एक इंटरनेट कंपनी आहे, मुळात केबल टीव्हीवाल्यांनी एकत्र येऊन काढलेली, आता तीन-चार तालुक्यांत घरोघरी फायबर देते. नाव देत नाही आणि ओळख पटेल असे तपशील थोडे बदललेत. नेटवर्कची रचना अशी की घरगुती ग्राहक बीएनजीवर (ग्राहकाला ओळखून नेटवर्कला जोडणाऱ्या बॉक्सवर) लॉगिन होतात, पुढे एक लिनक्स सर्व्हर आहे जो राउटर आणि फिल्टर दोन्हीचं काम करतो (प्रत्येक पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, कुठल्या नियमात बसतो ते ठरवणं म्हणजेच पॅकेट क्लासिफिकेशन), आणि त्याच्या पुढे सीजीनॅट, म्हणजे थोडे सार्वजनिक पत्ते अनेक ग्राहकांत वाटून देणारा बॉक्स. सगळे त्या मधल्या सर्व्हरला 'फिल्टर बॉक्स' म्हणतात. सोळा कोर, दहा गिगाबिटची कार्डं, आणि आयपीटेबल्स, म्हणजे नियमांची यादी वरनं खाली चाळणारं लिनक्सचं फिल्टर. नॅटचा हिशोब पुढचा बॉक्स ठेवतो म्हणून इथे कनेक्शन ट्रॅकिंग (कुठली कनेक्शन आधीच चालू आहेत ते लक्षात ठेवणं) मुद्दाम बंद केलेलं होतं, आणि हा एक निर्णय पुढे फार महत्त्वाचा ठरला कारण ट्रॅकिंग चालू असतं तर चालू असलेल्या कनेक्शनची पॅकेट्स पहिल्या नियमातच सुटली असती, आता मात्र प्रत्येक पॅकेटला पूर्ण यादीतनं जायला लागत होतं.

यादीत काय काय होतं? पैसे न भरलेल्या ग्राहकांचे नियम, प्रत्येकाचे दोन, जाणाऱ्या आणि येणाऱ्या ट्रॅफिकला वेगळा. ब्लॉक करायच्या पत्त्यांची यादी, जी आदेश येईल तशी वाढतच जाते. साधारण चारशे नियम कॉर्पोरेट ग्राहकांचे, म्हणजे पतसंस्था, दूध संघ, कॉलेजं वगैरे, कुणाला कुठल्या पोर्टवर कुठून यायची परवानगी ते. शिवाय मेलचा २५ पोर्ट, ४४५ पोर्ट, मेमकॅश्डचा ११२११, असे नेहमीचे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात थकबाकीदार वाढले की एकूण आकडा सहा हजारांच्या वर जायचा.

त्रास नेमका काय होता

रात्री आठ ते अकरा नेट रखडायचं. पिंगमधे मधेच दोनशे मिलीसेकंद, गेम खेळणारी पोरं सगळ्यात आधी फोन करायची. टॉप लावून बघितलं तर केसॉफ्टआयआरक्यूडी (कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, पॅकेट्स हाताळणारी प्रोसेस) सगळ्या कोरवर शंभर टक्क्यांच्या आसपास, आणि कार्डाच्या काउंटरमधे ड्रॉप झालेली पॅकेट्स सेकंदासेकंदाला वाढताना दिसायची. इंटरप्ट (पॅकेट आलं की कार्ड प्रोसेसरला मारतं ती हाक) एकाच कोरवर पडतायत का ते पहिलं तपासलं, तसं काही नव्हतं, काम नीट वाटलं जात होतं. लिंक पण भरलेली नव्हती.

दुसरा त्रास बिलिंगचा होता आणि खरं तर लोक त्यानेच जास्त वैतागले होते. ग्राहक पैसे भरतो, मेसेज येतो, पण नेट चालू व्हायला कितीतरी वेळ. कॉल सेंटरच्या मुलींना दिवसभर एकच ऐकावं लागायचं, "ताई, पैसे भरलेत हो, अजून नेट चालू नाही." बिलिंगची स्क्रिप्ट प्रत्येक ग्राहकासाठी आयपीटेबल्सची वेगळी कमांड चालवायची, आणि जुन्या आयपीटेबल्समधे एक नियम काढायचा म्हटलं तरी पूर्ण टेबल कर्नलमधनं बाहेर येतं, बदलतं आणि पूर्णच्या पूर्ण परत आत जातं. सहा हजार नियमांचं टेबल एका ग्राहकासाठी आत-बाहेर, आणि महिन्याच्या पाच तारखेला असे शेकडो ग्राहक रांगेत.

मालकांचं पहिलं मत सरळ होतं, "नवीन सर्व्हर घेऊन टाकू का सर, दुप्पट कोरवाला?"

हिशोब मांडला तेव्हा

पर्फ टॉप (प्रोसेसरचा वेळ कुठल्या फंक्शनमधे जातो ते दाखवणारं साधन) लावल्यावर सगळ्यात वर एकच नाव, आयपीटी-डू-टेबल, म्हणजे नियमांची यादी चाळणारं फंक्शन. रूटिंगचं काम त्याच्यापुढे किरकोळ.

मग कागदावर हिशोब केला. संध्याकाळी दोन्ही दिशा मिळून सेकंदाला बारा-तेरा लाख पॅकेट्स. एक नियम तपासायला २ नॅनोसेकंद धरले (हा अंदाज आहे, फार उदार नाही आणि फार कडक पण नाही) तर सहा हजार नियमांना १२ मायक्रोसेकंद. म्हणजे एक कोर सेकंदाला ऐंशी-पंच्याऐंशी हजार पॅकेट्स काढणार, सोळा कोर मिळून तेरा लाख. नेमकी तिथेच टक्कर होत होती! त्यात मेमरीचा मुद्दा वेगळाच, आयपीटेबल्सचा एक साधा नियम दीडशे बाइट्सच्या आसपास, म्हणजे सगळी यादी जवळपास एक एमबीची, आणि कोरची सगळ्यात जवळची कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) ३२ केबीची असते, त्यामुळे प्रत्येक पॅकेटला ती यादी लांबच्या कॅशमधनं ओढून आणायला लागते.

हा विषय समजून घ्यायचा तर एक आकडा डोक्यात ठेवावा. दहा गिगाबिटच्या लिंकवर सगळ्यात लहान, ६४ बाइटची पॅकेट्स आली तर सेकंदाला १.४८ कोटी येतात, म्हणजे एका पॅकेटला ६७ नॅनोसेकंद. मेन मेमरीत एकदा जाऊन यायलाच साधारण तेवढा वेळ जातो. डीडॉस अटॅक (नेटवर्क बंद पाडायला केलेला पॅकेट्सचा मारा) होतो तेव्हा नेमकी अशीच पॅकेट्स येतात, त्यामुळे रोजच्या ट्रॅफिकवर बॉक्स चालतोय म्हणून निवांत राहून चालत नाही.

दुप्पट कोर घेतले तर दुप्पट पॅकेट्स निघतील हे खरंय, पण यादी पण दरवर्षी वाढतेय आणि ट्रॅफिक पण, आणि दोन्हीचा गुणाकार होतो. बिलिंगचा त्रास तर नव्या सर्व्हरने जराही कमी झाला नसता. मालकांना हे पटलं, पण "मग करायचं काय ते सांगा" हा प्रश्न उभाच राहिला.

कुठले पर्याय बघितले

नियमांचा क्रम बदलणे, हा सगळ्यात स्वस्त पर्याय. जास्त लागणारे नियम वर आणायचे. काउंटर काढून बघितले तर लक्षात आलं की बहुतेक पॅकेट्स कुठल्याच नियमात बसत नाहीत, ती व्हिडिओची साधी पॅकेट्स असतात, पूर्ण यादी चालून शेवटच्या डिफॉल्टला पोचतात आणि पास होतात. ज्याला कुठेच थांबायचं नाही त्याला क्रम काहीही असला तरी पूर्ण रस्ता चालावाच लागतो. हा पर्याय तिथेच संपला.

दुसरा, फिल्टरिंग एल-थ्री स्विचवर (रूटिंग पण करणाऱ्या स्विचवर) नेणे. स्विचमधे टीकॅम नावाची खास मेमरी असते, ती सगळ्या नोंदी एकाच वेळी ताडून बघतं, म्हणजे एका झटक्यात उत्तर. विकायला आलेल्या व्हेंडरने हाच मुद्दा धरला आणि तो खोटा नव्हता. पण टीकॅमला शून्य, एक आणि 'काहीही चालेल' एवढंच कळतं, 'या आकड्यापासून त्या आकड्यापर्यंत' हे कळत नाही. त्यामुळे पोर्टची रेंज आली की तिचे तुकडे करावे लागतात. १०२४ ते ६५५३५ ही अगदी रोजची रेंज, तिचे सहा तुकडे होतात: १०२४ ते २०४७, मग ४०९५ पर्यंत, ८१९१ पर्यंत, १६३८३ पर्यंत, ३२७६७ पर्यंत आणि उरलेला. सोर्स आणि डेस्टिनेशन दोन्हीकडे हीच रेंज असेल तर सहा गुणिले सहा, छत्तीस नोंदी एका नियमाला. १ ते ६५५३४ अशी वाईट रेंज आली तर एकीकडेच तीस, दोन्हीकडे मिळून नऊशे. आमच्या चारशे कॉर्पोरेट नियमांमधे बरेचसे दोन्हीकडे वरच्या पोर्टचे होते. सगळेच तसे धरले तर १४,४०० नोंदी, आणि जो स्विच बजेटमधे बसत होता त्यात एसीएलसाठी, म्हणजे फिल्टरच्या नियमांसाठी, जागा काही हजारांचीच. काही स्विचमधे रेंजसाठी वेगळी सोय असते पण ती मोजक्याच रेंजपुरती. जागा संपल्यावर स्विच एकतर नियम नाकारतो नाहीतर ते काम आपल्या छोट्या सीपीयूवर टाकतो, आणि ते तर आत्तापेक्षा वाईट. दर महिन्याला हलणारी थकबाकीदारांची यादी तिथे ठेवायची हे तर त्याहून अवघड.

तिसरा पर्याय टीममधल्या एका तरुण इंजिनियरचा होता, एक्सडीपी नाहीतर व्हीपीपी (लिनक्सवर पॅकेट्स फार वेगाने हाताळायच्या दोन पद्धती) वापरून नवीन बॉक्स लिहू. तांत्रिकदृष्ट्या त्यात दम होता, व्हीपीपीच्या एसीएल प्लगइनमधे टपल-मर्ज नावाची चांगली पद्धत आहेच. पण तो मुलगा उद्या पुण्यात नोकरीला गेला तर रात्री दोन वाजता ते कोण उघडणार? तालुक्याच्या ठिकाणी ऑपरेशन्सला जी माणसं आहेत त्यांना वाचता येईल असंच काहीतरी हवं होतं. हे कारण छोटं वाटेल, माझ्या मते ते निम्मं कारण होतं.

चौथा, आहे तोच सर्व्हर ठेवून आयपीटेबल्सवरनं एनएफटेबल्सवर, म्हणजे त्याच्या नव्या पिढीवर, जाणे, आणि यादीऐवजी सेट आणि मॅप वापरणे, ज्यात नोंद एकेक न चाळता थेट सापडते.

नियमांचा आकार

निर्णय घ्यायच्या आधी एक काम केलं ज्याने पुढचं सगळं सोपं झालं. सहा हजार नियमांचे अर्थ वाचत न बसता फक्त त्यांचे आकार मोजले. म्हणजे प्रत्येक नियमात सोर्सचा प्रीफिक्स (पत्त्याचा सुरुवातीचा ठरलेला भाग) किती लांबीचा, डेस्टिनेशनचा किती, पोर्ट दिलाय की नाही, प्रोटोकॉल दिलाय की नाही. सहा हजार नियम आणि आकार निघाले वीसच्या आत.

हे मोजायचं का ते कळायला थोडी थिअरी लागते. पॅकेट क्लासिफिकेशनमधे पाच गोष्टी बघतात: दोन पत्ते, दोन पोर्ट, एक प्रोटोकॉल. पाच मितींच्या जागेत प्रत्येक नियम म्हणजे एक डबा आणि पॅकेट म्हणजे एक बिंदू, आणि बिंदू ज्या ज्या डब्यांत पडतो त्यातला यादीत सगळ्यात वर असलेला डबा शोधायचा. १९९९ च्या आसपास यावर एकदम बरंच काम झालं. स्टॅनफर्डच्या गुप्ता आणि मॅककीओन यांचं हायकट्स म्हणजे जागेचे तुकडे करत जायचे आणि झाड बांधायचं, मग २००३ चं हायपरकट्स एकाच वेळी अनेक मितींमधे कापतं. गुप्ता आणि मॅककीओन यांचंच आरएफसी (रिकर्सिव्ह फ्लो क्लासिफिकेशन) नावाचं दुसरं काम टेबलांवर टेबलं रचून फार वेगाने उत्तर देतं पण मेमरी खूप खातं आणि नियम बदलला की बरंचसं पुन्हा बांधावं लागतं. आणि श्रीनिवासन, सुरी, वर्गीस यांचं टपल स्पेस सर्च, ते सांगतं की सारख्या आकाराचे नियम एकत्र करा, प्रत्येक आकाराला एक हॅश टेबल (ज्यात नोंद न चाळता थेट सापडते), मग जितके आकार तितक्याच वेळा शोधायचं. यातले जॉर्ज वर्गीस आपल्या पवईच्या आयआयटीत शिकलेले.

आता आमचे नियम यात बसवून बघा. थकबाकीदाराचा नियम म्हणजे 'हा सोर्स, डेस्टिनेशन कुठलंही'. ब्लॉक यादीचा नियम म्हणजे 'सोर्स कुठलाही, हे डेस्टिनेशन'. कागदावर काढलं तर एक आडवी रेघ, एक उभी. तीन हजार आडव्या आणि हजार उभ्या, एकमेकींना तीस लाख ठिकाणी छेदतात. तुकडे करणारी कुठलीही पद्धत इथे अडकते कारण लांब रेघ जितक्या तुकड्यांतनं जाते तितक्यांत तिची कॉपी ठेवायला लागते. २०१० मधे आलेल्या एफिकट्सने नेमकं हेच धरलं, ज्या नियमांमधे एकाच प्रकारची फील्डं मोकळी आहेत ते वेगळ्या झाडात टाका, मग कॉप्या होत नाहीत. आमच्यासाठी त्याचा अर्थ इतकाच निघाला की आडव्या रेघा एका सेटमधे, उभ्या दुसऱ्या सेटमधे, आणि दोन्ही कधीच एकत्र करायच्या नाहीत. तीन हजार आणि हजार, दोन हॅश लुकअप, संपलं.

ओपन व्हीस्विच (सॉफ्टवेअरमधला स्विच) पण टपल स्पेसवरच चालतं आणि कुणीतरी ते पण सुचवलं होतं. पण तिथे आकार ट्रॅफिकनुसार आपोआप तयार होतात, आणि मुद्दाम रचलेली पॅकेट्स पाठवून ते आकार फुगवता येतात आणि स्विच गुदमरवता येतो हे २०१९ मधे प्रसिद्ध झालेलं आहे. इंटरनेटला तोंड असलेल्या बॉक्सवर ते नको वाटलं. आपले आकार आपण ठरवलेले असावेत, बाहेरच्याने नाही.

काय केलं

थकबाकीदार एका हॅश सेटमधे, जाताना सोर्स त्यात आहे का बघायचं, येताना डेस्टिनेशन, सेट एकच. ब्लॉक यादी दुसऱ्या सेटमधे. पोर्टचे सुटे नियम एका छोट्या सेटमधे.

कॉर्पोरेट नियमांवर मात्र बरीच चर्चा झाली. कर्नल ५.६ पासून, म्हणजे २०२० पासून, एनएफटेबल्समधे पिपापो नावाचा सेट आहे जो पत्ता आणि पोर्ट दोन्हीच्या रेंज एकत्र घेतो. तो पण रेंजचे तुकडेच करतो पण फील्डनिहाय करतो, आणि एका फील्डकडून दुसऱ्याकडे जायला मधे मॅपिंग ठेवतो, त्यामुळे सहा गुणिले सहा न होता सहा अधिक सहा होतं. टीकॅमचं दुखणं इथे नाही, हे बघून मला स्वतःला फार आनंद झाला होता. तरी आम्ही तो घेतला नाही. त्याऐवजी व्हर्डिक्ट मॅप केला, आधी पत्त्यावरनं ग्राहक ओळखायचा, मग त्या ग्राहकाच्या स्वतःच्या चेनमधे, म्हणजे नियमांच्या वेगळ्या छोट्या यादीत, उडी मारायची, तिथे पाच-दहा नियम असतात ते ओळीने तपासायचे. वेग थोडा कमी, पण दूध संघाचा फोन आला की ऑपरेशन्सचा माणूस दूध संघाची चेन उघडतो आणि त्याला सगळं एका पडद्यावर दिसतं.

इथेच एक खरी अडचण निघाली. एका कॉलेजचा पूर्ण २८ चा ब्लॉक (सोळा पत्त्यांचा) एका नियमात आणि त्यातलाच एक सर्व्हर वेगळ्या नियमात, असे बरेच. आयपीटेबल्समधे जो वर तो जिंकतो. एनएफटेबल्सच्या रेंज मॅपमधे एकावर एक येणाऱ्या रेंज चालतच नाहीत, फाइल लोडच होत नाही. म्हणून सुटे सर्व्हर वेगळ्या मॅपमधे टाकले आणि तो मॅप आधी तपासायचा असं ठरवलं. पण ते करताना प्रत्येक जोडीला विचारावं लागलं की आधी कोण वर होतं आणि ते तसं मुद्दाम होतं का, आणि त्यात असे कितीतरी नियम सापडले जे वरच्या नियमाने पूर्ण झाकलेले होते, कधीच लागत नव्हते. कुणी लिहिले, कशासाठी, कुणालाच आठवेना. दोन ग्राहक तर कनेक्शन सोडून गेलेले.

बदल आणि त्यानंतरची संध्याकाळ

नवीन नियम आधी फक्त मोजण्यासाठी लावले, अडवायचं काही नाही, जुन्या आयपीटेबल्सच्या आधी चालतील अशा प्रायॉरिटीवर. दोन्हीकडचे काउंटर जुळतात का बघायचं. बॉक्सवर आधीच ताण होता म्हणून हे पहाटेच केलं. काउंटर जुळले. मग एका पहाटे जुने नियम काढले, नवीन फाइल एका दमात लोड केली. एनएफटेबल्सला पूर्ण फाइल दिली की ती एकतर पूर्ण लागते किंवा अजिबात लागत नाही, मधली अवस्था नसते, हा फार मोठा आधार आहे.

संध्याकाळी कॉल सेंटरला फोन सुरू झाले, पैसे भरायचं पान उघडत नाहीये. थकबाकीदाराचं बाकी नेट बंद असलं तरी पेमेंट गेटवे चालू राहावा असा एक नियम जुन्या यादीत पार वर होता, कुणीतरी कधीकाळी घातलेला. नवीन फाइल प्रकारानुसार रचली गेली, त्यात परवानग्या थकबाकीदारांच्या सेटनंतर गेल्या. पहाटे चार वाजता कुणी थकबाकीदार बिल भरत नाही, त्यामुळे काउंटर जुळले होते ते खरंच जुळले होते, फक्त ती पॅकेट्स आलीच नव्हती. ओळ वर नेली, अर्ध्या तासात पान चालू झालं.

निकाल

पर्फ टॉपमधे आता फिल्टरिंग वर दिसत नाही, वर कार्डाचा ड्रायव्हर आणि रूटिंग असतं, जे असायला हवं तेच. रात्रीचे ड्रॉप थांबले. बिलिंग एका ग्राहकासाठी सेटमधनं एक पत्ता काढतं, ते लगेच होतं, आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात थकबाकीदार कितीही वाढले तरी पॅकेटच्या वेळेवर त्याचा फरक पडत नाही. नवीन सर्व्हर घेतला नाही. खर्च झाला तो माणसांच्या वेळेचा, आणि त्यातला मोठा भाग जुन्या नियमांचे मालक शोधण्यात.

पुन्हा करायचं झालं तर

चाचणीसाठी नुसतं खरं ट्रॅफिक पुरत नाही. प्रत्येक नियमाच्या कोपऱ्यावरची पॅकेट्स बनवून दोन्ही यादींमधनं सोडायला हवी होती: रेंजचा पहिला पोर्ट, शेवटचा, त्याच्या एक अलीकडचा, एक पलीकडचा, आणि जिथे दोन नियम छेदतात तिथलं एक. २००५ मधे वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीच्या टेलर आणि टर्नर यांनी क्लासबेंच काढलं ते नियमांचे संच आणि त्यांना लागणारी पॅकेट्स दोन्ही बनवून देतं, संशोधनात ते वर्षानुवर्षं वापरतात. आपल्याला एवढं पण लागत नाही, नियमांची फाइल वाचून पॅकेट्स काढणारी छोटी स्क्रिप्ट पुरली असती आणि पेमेंटचा प्रकार टेबलावरच सापडला असता.

आकार मोजायचं काम व्हेंडरच्या मीटिंगच्या आधी करायला हवं होतं. स्विचचे कोटेशन मागवणं, डेमो, त्यात बराच वेळ गेला, आणि रेंजचे तुकडे किती होतील हे नियमांची फाइल हातात असताना अर्ध्या दिवसात कळलं असतं.

आता प्रत्येक नियमाला कॉमेंट सक्तीची केलीये: कुणी सांगितलं, कशासाठी, कधी काढायचा. क्रमावर अवलंबून असलेले नियम तर वेगळ्या चेनमधेच ठेवलेत म्हणजे ते उठून दिसतात.

आयपीव्हीसिक्सचं काम चालू आहे. तिथे एका ग्राहकाला एक पत्ता नसतो, पूर्ण ब्लॉक असतो, आणि बीएनजीवर काही घरांना ६४ चा ब्लॉक जात होता, काहींना ५६ चा. दोन लांबी म्हणजे दोन आकार, उद्या तिसरी आली की तीन. बीएनजीवाल्यांशी बोलून सगळ्या घरांना ५६ च द्यायचं ठरवलंय, म्हणजे पत्त्याचे पहिले ५६ बिट कापले की एकाच हॅशमधे ग्राहक सापडतो. जुन्या ६४ वाल्या घरांचे राउटर एकेक करून बदलतायत, दोन तालुके झालेत, उरलेले दिवाळीच्या आत करायचा विचार आहे.